बदामीचा मागचा डावा पाय

२७ ऑगस्ट

दादा,

शरद ऋतू सुखाचा चाललाय ना? जनावरांनी अंग धरलंय ना, असं पुढे विचारायची आपली रीत. पण चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे जनावरं कुठली. तेव्हा गुडघ्यांची चौकशी करतो. गुडघे कसे आहेत?

फोनच करणार होतो. पण खांडमा म्हणते, "काका, बाबांशी फोनवर बोलायचं म्हणजे विहिरीत दगड टाकून कान लावून बसायचं." तुझी लेक तुझ्यापेक्षा चांगली वाक्यं करते. माझ्या वर्गात असती तर पाठांतरात पहिली आणली असती.

बातमी वाईट आहे म्हणून पत्र. परवा आम्ही उन्हाळी जागेवरून खाली उतरलो. ट्रकमध्ये तंबूचे लोकरी नमदे, त्यावर शेजारच्या दुलमची चूल, त्यावर माझी पुस्तकं आणि सगळ्यांत वर बुद्धिबळाची पेटी. दुलम म्हणत होती, "मास्तर, जपायची वस्तू तळाशी ठेवावी." मला वाटलं, बाबांच्या हातची वस्तू चुलीखाली कशी घालायची. ओढ्याच्या उतारावर गाडीने गचका खाल्ला, पेटी पडली, उघडली, आणि मागचं चाक तिच्यावरून गेलं. राजा वाचला. उंट वाचले, गाड्या वाचल्या. पोरं, आपली प्यादी, तर सगळीच्या सगळी गवतात लोळत होती, शाळेला सुट्टी लागल्यासारखी. घोड्यांपैकी गेला तो फक्त बदामी. दोन कान आणि पायाखालची चकती, एवढंच हाताला लागलं.

बाबांनी कोरलेला बदामी गेला, दादा. तुला कळवायला हवं असं मला वाटलं, तुला त्याचं काही वाटो न वाटो.

काळे तुझ्याकडे आहेत ना अजून? मी माझे पांढरे इतकी वर्षं एकटेच मांडत आलो. समोर तुझ्या काळ्यांच्या जागी मेंढीच्या घोट्याची हाडं. हाडं चिडत नाहीत, चाल परत मागत नाहीत, हरायला लागली की पाणी आणायचं निमित्त काढून उठत नाहीत. म्हणून त्यांच्याशी खेळायला मजा नाही.

तर मी नवा बदामी कोरायला घेतलाय. भूर्जाचं लाकूड आहे, चाकू बाबांचाच, तो वाकड्या पात्याचा. हात सकाळी ऐकतात, दुपारनंतर आपल्या मनाने थरथरतात, म्हणून घाई. झाला की शहराच्या फेऱ्या करणाऱ्या झुंदुईच्या गाडीतून तुझ्याकडे पाठवतो. तू जन्मभर सरकारी डॉक्टर म्हणून घोडे तपासलेस, कुठे चुकलं ते तुला दिसेल. तेवढं सांग. आणि नव्या वर्षाला, पांढऱ्या महिन्यात, काळे घेऊन ये. एकच डाव खेळू. मग हवं तर पुढची चाळीस वर्षं पुन्हा लग्नाकार्यात भेटून एकमेकांना "हं" म्हणत राहू.

चोयजिल


१४ सप्टेंबर

दादा,

घोडा परत आला. चिठ्ठी नाही. मी कापड झटकलं, पिशवी उलटी केली, झुंदुईच्या खिशातसुद्धा बघायला लावलं.

"गुरुजी, चिठ्ठी नाही म्हणजे नाही. माझ्यावर विश्वास ठेवा," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबांनी दारातच कापड सोडलं. घोडा असा फिरवला, तसा फिरवला, मग लाल पेन्सिल मागितली. खांडमाताईने चहा आणला, चहा निवला, तरी यांच्या रेघा चालूच."

"काही बोलला का?"

"बोलले ना. म्हणाले, हा घोडा नाही, कविता आहे."

"कौतुकाने म्हणाला का रे?"

"तसं काही वाटलं नाही, गुरुजी."

मी त्याला वाळवलेल्या दह्याचे खडे देऊन वाटेला लावला आणि घोडा खिडकीत धरला. दादा, तू माझ्या वह्या तपासायला हवा होतास. मी पोरांना इतक्या रेघा कधी मारल्या नाहीत. आयाळीवर तर सरळ फुली. बरोबर आहे; खच्ची केलेल्या घोड्याची आयाळ वसंतात कातरतात हे आपल्याकडे रांगतं पोरही सांगेल, आणि मी तिला वाऱ्यावर सोडली. खरं सांगू, ती उडती आयाळ मला शाळेतल्या कवितेतून मिळाली. चौथीला शिकवायचो. आपल्या कवितेत यमक ओळीच्या तोंडाशी असतं म्हणून पोरांना लवकर पाठ होते:

शिंगराच्या शोधात शीळ घालत
शेवटच्या शिखराआड शिरला दिवस.

तीस वर्षं हेच शिकवलं, तर हातून आयाळ उडणारच. मान राजधानीच्या चौकातल्या पुतळ्यासारखी बाकदार झाली, तीही तू कापलीस. पुढचा गुडघा मी मागे वाकवला होता. जन्मभर घोड्यावर बसलो, आणि गुडघा कुठे वाकतो ते बसलेल्या माणसाला दिसत नाही हे आता कळलं.

पण एक विचारायचं आहे. मागच्या डाव्या पायाच्या मधल्या सांध्याभोवती तू गोल काढलायस. बाकी रेघा हलक्या आहेत, इथे पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबलंयस. लाकडात शिसं अडकलंय. एवढं काय चुकलं तिथे?

दुसरा सुरू केला आहे.

चोयजिल


३ ऑक्टोबर

दादा,

दुसरा झाला. पाठवतो आहे. या खेपेला डोक्यातून कोरला नाही. दुलमच्या घोड्यांत जाऊन बसलो.

रोज सकाळी दुलमच्या खुंटावर जायचं, बांधलेल्या घोड्याच्या मागच्या पायाला हात लावायचा, बोटं लक्षात ठेवायची आणि पळत घरी येऊन चाकू धरायचा. माझं पळणं बघून कुत्रीसुद्धा उठत नाहीत. पहिल्या दिवशी दुलम दुधाची बादली घेऊन उभी राहिली.

"मास्तर, पाया पडताय का घोड्याच्या?"

"सांधा बघतोय."

"बघा बघा. त्याने एक दिली ना, तर तुमचा सांधा मला बघावा लागेल."

"तुझा घोडा शहाणा आहे."

"घोडा शहाणा आहे हो. मी त्याच्या शेपटीकडे जाणाऱ्यांबद्दल बोलतेय."

पण शिकलो बरं का. हा जो मधला सांधा आहे ना, तो घोड्याची टाच आहे. तुला हे पहिल्या वर्षालाच शिकवलं असेल, मला सत्तरीत कळलं. म्हणजे घोडा जन्मभर चवड्यांवर चालतो, झोपलेल्या घरात उशिरा परतणाऱ्या माणसासारखा. दोन दिवस मला याशिवाय काही सुचलं नाही. चहात मीठ दोनदा पडलं.

चाल मात्र माझ्या आठवणीतलीच ठेवली आहे. रवाल. डाव्या बाजूचे दोन्ही पाय बरोबर पुढे, मग उजव्या बाजूचे दोन्ही. बदामी तसाच चालायचा. बाबा जत्रेहून येताना हातात ऐरागचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, भरलेला वाडगा घेऊन बसायचे आणि दारात उतरून आईच्या हातात द्यायचे, थेंब न सांडता. आई म्हणायची, "घोडा आहे की पाळणा." बाकीचे घोडे दुडकत यायचे आणि माणसाचे दात मोजून घ्यायचे, बदामी वाहत यायचा. हे चुकलेलं नाही. इथे पेन्सिल चालवू नकोस.

पांढऱ्या महिन्याचं काही लिहिलं नाहीस.

चोयजिल


५ ऑक्टोबर

दादा,

झुंदुई अजून निघालेला नाही, गाडीचं काहीतरी बिघडलंय. तोवर ही पुरवणी.

घोडा कापडात बांधून ठेवला होता, तो तीनदा सोडून बघितला. नाकपुडी लहान वाटते. नको म्हणता म्हणता चाकू लावला आणि थोडी जास्तच गेली. आता तो काहीतरी हुंगतोय असं दिसतं. असू दे. हुंगत हुंगत येईल तुझ्या दारापर्यंत.

बसवत नाही, दादा. बाहेर जातो, टेकडीकडे बघतो, आत येतो. दुलम म्हणते मी विण्याला आलेल्या घोडीसारखा फिरतो आहे.

चोयजिल


२९ ऑक्टोबर

दादा,

तीन रेघा. नाकपुडी, शेपटीचं मूळ, आणि पुन्हा तोच सांधा. पुन्हा मोडेपर्यंत दाबून. बाजूला चकतीवर बारीक अक्षरात "निरोगी घोड्याचा सांधा असा नसतो." चाळीस वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य, आणि ते घोट्याबद्दल.

निरोगी घोड्याचं मला सांगू नकोस. मी बदामी कोरतोय. बदामीचा तो सांधा जाडच होता. बाबांच्या लाकडी बदामीला तिथे एक फुगवटा होता, चाल सुचेना की माझा अंगठा आपोआप त्याच्यावर फिरायचा. तू म्हणायचास, "चोयजिल घोड्याचा पाय चोळायला लागला, म्हणजे आता हरणार." आठवतं? बाबांनी मुद्दाम ठेवला होता तो. त्यांचा चाकू चुकत नव्हता. मी लहान होतो, उंबऱ्यावर बसणारं पोर, पण खरा बदामी दारातून जाताना माझे डोळे बरोबर त्या सांध्याच्या उंचीला यायचे. डोळ्यांसमोरून गेलेली वस्तू मी विसरेन?

की तुला बदामीचं काही नीट व्हावं असंच वाटत नाही? राहवत नाही म्हणून लिहितो. तो मेला त्या वसंतात, बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्याची कवटी टेकडीवर ओव्होच्या, त्या पवित्र दगडांच्या राशीवर ठेवायची, निळं रेशीम बांधायचं, आपण दोघांनी मिळून. पायथ्यापर्यंत आलास. मी म्हणालो, "बाबांनी शेवटी तुझं आणि बदामीचं नाव घेतलं होतं, तुला एक निरोप आहे, वर चल, सांगतो." तुझा चेहरा पांढराफटक झाला. म्हणालास, "हाडं ती हाडं. मला कामाला जायचंय." आणि वळलास. मी कवटी हातात घेऊन उभा. वरून उतरलो तर पेटीतले काळे गेलेले, तूही गेलेला.

मी रागाने तेव्हा निरोप गिळला. घोड्याच्या चालीबद्दलचं काहीतरी होतं, तापातलं बोलणं. ज्याला हाडं ती हाडं, त्याला ते कशाला सांगायचं असं वाटलं.

ठीक आहे. तुझा निरोगी घोडा कोरून देतो. डॉक्टरांच्या पुस्तकातला. मग तरी येशील?

चोयजिल


१६ नोव्हेंबर

दादा,

हा तिसरा. सांधा बारीक केला. शीर दिसते, हाड दिसतं, खालची नळी सरळ उतरते. आता या पायावर कुठलाही डॉक्टर शिक्का मारेल.

बर्फ पडलंय. हात सकाळीसुद्धा उशिरा ऐकतात आता. आधी ते चहाच्या वाडग्याभोवती बसवून ठेवावे लागतात, शाळेत नव्या पोरांना बसवायचो तसे. हा मला वाटतं शेवटून दुसरा घोडा. जास्त निघणार नाहीत.

चोयजिल


८ डिसेंबर

दादा,

झुंदुई आला. घोड्यावर एकही रेघ नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मी झुंदुईला दोनदा विचारलं. "काय म्हणाला?"

"म्हणाले, आता बरोबर आहे. घेऊन जा."

"खूश होता?"

"नाही गुरुजी. टायरमधली हवा जाते ना हळूहळू, तसे दिसले. घोडा बराच वेळ धरून बसले होते. ताई म्हणाली, बाबा ठेवून घ्या की, तर म्हणाले, हा कुणाचा आहे ते मला ठाऊक नाही."

दादा, मग इथेही तेच झालं. मी घोडा पटावर ठेवला, माझ्या पांढऱ्यांत. दुलम शेणी टाकायला आत आली, वाकून बघितलं.

"छान झालाय. कुणाचा घोडा?"

"बदामी."

"छे."

"अगं बदामीच. रवाल चालीत आहे बघ."

"चाल त्याची आहे. घोडा दुसऱ्या कुणाचा तरी आहे," ती म्हणाली. "याला धड चार पाय आहेत, मास्तर. हा कशाला जपून चालेल? हा पळेल. बदामी पळायचा तेव्हा असा होता. नंतर नाही."

ती गेली. तुझ्याच वयाची ती, तिला आठवणारच. मी घोडा बघत बसलो. मग उठलो, बाहेर गेलो, आत आलो. पुन्हा दुसरा घोडा काढला, जाड सांध्याचा, तो शेजारी ठेवला. दादा, दोघांना एकाच चालीत मी कोरलं आहे, पण जाड सांध्याचा घोडा त्या चालीत उभा आहे, आणि बारीक सांध्याच्या घोड्याला ती चाल मी लावली आहे. फरक कळतो ना? एकाला तशी गरज आहे. तो डाव्या बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलतो, कारण मागच्या त्या एका पायावर सगळं अंग एकदम टाकायचं नाहीये. शरीर वाचवतोय तो. लाकडात पहिल्यांदा दिसलं मला. घोड्यात कधी दिसलं नाही.

"बदामी पळायचा तेव्हा." मी विसरूनच गेलो होतो की बदामी पळायचा. शर्यतीचा होता तो. तू बसायचास त्याच्यावर. नादामच्या उत्सवातल्या शर्यतीत एकदा पळाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नाही. मधल्या काळात तो खुंटाला बांधला होता, पाय सुजलेला. दोरीत अडकला असं सगळे म्हणत होते. असं कोणी सांगितलं होतं, दादा?

थांबतो. हात ऐकत नाहीत.

चोयजिल


१२ डिसेंबर

दादा,

चार दिवस हे पत्र डोक्यात लिहिलं. आता सरळ लिहितो.

दोरीत अडकला असं तू सांगितलं होतंस. तू नऊ वर्षांचा होतास. मी तुला विचारत नाही की खरं काय घडलं. कुठे, कसं, मला नको आहे. मला फक्त एवढंच कळलं की लाल पेन्सिल कुठल्या सांध्यावर मोडते, आणि का मोडते. तू जन्मभर घोड्यांचे पाय बरे केलेस. आसपासच्या गावांतले लोक अजून सांगतात, दामदिन डॉक्टर लंगड्या घोड्यासाठी बर्फातून यायचा. मला वाटायचं तुला बदामीचं काही नाही. आणि तू बदामीचाच पाय बरा करत फिरत होतास.

टेकडीच्या पायथ्याशी मी म्हणालो, बाबांनी शेवटी तुझं आणि बदामीचं नाव घेतलं. तू काय ऐकलंस ते आता मला दिसतंय. तुला वाटलं बाबांना ठाऊक होतं, आणि मरताना त्यांनी ते काढलं.

हो, दादा. बाबांना ठाऊक होतं. पण निरोप पुरा ऐक. तू वळलास म्हणून तो माझ्याकडे राहिला, आणि मला कळला नाही म्हणून तसाच्या तसा राहिला, एक शब्द इकडचा तिकडे न होता. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं.

बाबा शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात होते. तू तेव्हा कुठल्यातरी साथीच्या कामावर सीमेकडे होतास. मला म्हणाले, "दामदिनला सांग, बदामीने मला पाण्यासारखं वाहून नेलं. शर्यतीचा घोडा एक उन्हाळा मान देतो. याने वीस वर्षं माझी हाडं सांभाळली. सांग त्याला, चाल फार चांगली निघाली. सांग, त्याने आता आणखी जपू नये."

मी विचारलं, "काय जपू नये, बाबा?" म्हणाले, "त्याला कळेल."

मला वाटलं ताप बोलतोय. तो तुझा निरोप होता.

आणि मग ते काय करत होते बघ. आपल्या दोघांसाठी पट कोरला तेव्हा बदामी त्यांनी निरोगी कोरला नाही. पुस्तकातला पाय दिला नाही. तो फुगवटा मुद्दाम ठेवला, बोटाला लागेल असा, आणि तो घोडा तुझ्यामाझ्या हातात दिला. मला वाटतं ते तुला रोज सांगत होते, फक्त तू काळे घ्यायचास आणि मी पांढरे, म्हणून अंगठा माझा फिरला.

आपल्या खेळात घोड्याने राजाला मात द्यायची नाही असा नियम आहे. लहानपणी तू चिडायचास, "मग घोडा असून उपयोग काय?" बाबा म्हणायचे, "घोडा दारापर्यंत पोचवतो. मारणं त्याचं काम नाही." बदामीने कुणालाच मात दिली नाही, दादा. तुलाही नाही.

हा चौथा. सांधा जाड आहे. तुला रेघ मारायची असेल तर मार, मी आता काही दुरुस्त करणार नाही. पांढऱ्या महिन्याचं विचारत नाही.

चोयजिल


३ जानेवारी

दादा,

झुंदुई खिंडीपलीकडे अडकलाय म्हणतात. म्हणजे घोडा तुझ्याकडे पोचला की नाही तेही ठाऊक नाही. दुलमने नव्या वर्षाच्या बुजचं, वाफवलेल्या मांसाच्या करंज्यांचं, सारण करायला घेतलंय, मला पीठ मळायला बसवलं. मळताना म्हणाली, "मास्तर, कणीक आहे ही. सांधे नका शोधू तिच्यात."

मी पट मांडला आहे. एका बाजूला पांढरे, बदामीची जागा मोकळी. दुसऱ्या बाजूला हाडं. आज हाडं काढून ठेवली. उगीचच. दुसरी बाजू मोकळी बरी दिसते.

गाडीचा आवाज आला की उठतो. बहुतेक वेळा वारा असतो.

चोयजिल


२४ जानेवारी

चोयजिल,

पत्र लिहायची सवय नाही. खांडमा शेजारी बसली आहे, पण हे मी लिहितो आहे.

घोडा मिळाला. सांधा चुकला आहे. तू बाहेरच्या बाजूने जाड केलास. तू उंबऱ्यावर बसायचास, तुला बाहेरची बाजू दिसायची. सूज आतल्या बाजूला होती, सांध्याच्या खालच्या भागात, हाडाचीच. बाहेरून जवळजवळ दिसत नव्हती. तुझ्या डोळ्यांनी ती कशी पकडली ते मला कळत नाही. बाबांनी तुला अंगठ्याला लागावी म्हणून बाहेर आणली असेल.

मी आत बघितली. कारण मी खाली उतरलो होतो. ओढ्यापलीकडच्या माळावर जमिनीत राहणाऱ्या तारबगानची बिळं होती, शर्यतीच्या वाटेने वळसा पडायचा म्हणून सरावात मी सरळ काढला. पाय बिळात गेला. मी खाली बसून तो पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, ऊन उतरेपर्यंत. घरी दोरीचं सांगितलं. खुराला त्या माळाची तांबडी माती होती. बाबांनी ती पुसली आणि मला चहा दिला.

निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. खांडमाने विचारलं काय झालं. मी म्हणालो, काका घोडा चुकवतो.

लाकडाला मांस परत चढवता येत नाही. हा घोडा टाकू नकोस, पण पटावर नवा लागेल. लाकूड मी आणतो, इथे चांगला भूर्ज मिळतो. खिंड मोकळी झाली की झुंदुईच्याच गाडीतून पांढऱ्या महिन्याच्या आधी निघतो. तू कोर. मी बाजूला बसून धरून दाखवतो, केवढी होती ते. माझ्या हाताला ठाऊक आहे.

काळे सगळे आहेत. एकही पोर हरवलेलं नाही.

आणि आधी टेकडीवर जायचं आहे. गुडघे बरे नाहीत. दुलमला सांग, रवाल चालणारा घोडा असेल तर ठेवावा.

दामदिन